पाहुण्यांना काय दाखवू?

आमच्या रोहण्याला पाहुणे आले, की मी त्यांना वर्धा नदीपलीकडे कौंडण्यपूरला नेतो. रुक्मिणीचं माहेर ते! काठावर पाय धुऊन आम्ही देवळाकडे वळतो. परतताना मी तेलंगरावांची गोष्ट काढतो. आमचं तालुक्याचं गाव, आर्वी, त्यांनी वसवलं म्हणतात. हिंदू सांगत, ते ब्राह्मण होते. मुसलमान सांगत, मुसलमान होते. १९०८ च्या इम्पीरियल गॅझेटियरात दोन्ही मतं आहेत. अन् दोघंही त्यांच्या एकाच समाधीला भजतात, हेही लिहिलंय.

‘मुसलमान असून मराठीत कविता?’ असं मला तीस वर्षं विचारतात. आधी राग यायचा. आता म्हणतो, ‘आर्वीला चला. उत्तर तिथं निजलंय.’