घरचा कुत्रा आणि परसातल्या कोंबड्या

कोंबड्यांचे वैरी कोण, असे विचारले की मुंगूस, रानमांजर, घार ही नावे चटकन् येतात. दारातल्या मोत्याचे नाव कुणी घेत नाही. मोत्या भुकेला नसतो. पण फडफडत पळणारे पाखरू दिसले, की त्याला राहवत नाही. अंडी विकून मीठमिरची भागवणाऱ्या घरधनिणीच्या चार कोंबड्या एका दुपारी संपतात. मागाहून त्याला बडवून काय उपयोग?

कुंपण घालताना आपले सारे लक्ष उंचीकडे. गावठी कुत्र्याला पाच-सहा फूट उंची बहुधा पुरते; तो शिरतो बुडाशी उकरून. म्हणून दीड फूट रुंदीची जाळी कुंपणाबाहेर जमिनीवर आडवी पसरा, उभ्या जाळीला तारेने शिवून टाका, वर माती-दगड घाला. कुत्रा कुंपणाला लागूनच उकरतो. दोन पावले मागे सरून उकरावे, हे त्याला सहसा सुचत नाही.

षट्कोनी डोळ्यांची बारीक जाळी कोंबडीला अडवते, कुत्र्याला नव्हे. दातांनी तो ती फाडतो. निदान खालचे दोन फूट तरी जाड तारेची, वेल्डिंग केलेली जाळी घ्या. तिला आतून बांबूची तट्टी बांधलीत तर उत्तमच. पाखरे दिसेनाशी झाली, की त्याची ओढही कमी होते.

फाटकाखाली फरशी बसवा, नाही तर तिथूनच वाट मोकळी! पोरे फाटक उघडे टाकणारच. तेव्हा दोरीला दगड बांधून ते आपोआप मिटेल असे करा. मात्र रानमांजर कुंपण चढून येते, म्हणून तिन्हीसांजेला कोंबड्या खुराड्यातच कोंडायच्या.