शिमोनाला कोणी विचारले?
(उपवासकाळातील सभेत केलेल्या मनोगताचे शब्दांकन)



कुरेनेकर शिमोनाचा उल्लेख मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनी प्रत्येकी एकाच वचनात उरकला आहे. योहान तर त्याचे नावही घेत नाही. कुरेने म्हणजे आजच्या लिबियातले शहर. तिथे यहुदी लोकांची मोठी वस्ती होती. हा माणूस रानातून येत होता. शिपायांनी त्याला अडवले आणि वधस्तंभ त्याच्या खांद्यावर दिला. तुमच्याबरोबर तुरुंगात यायला, मरायलाही तयार आहे म्हणणारा दुसरा शिमोन, म्हणजे पेत्र, त्या वाटेवर दिसत नाही.

डिप्लोमाला असताना मी या वचनावर संदेश दिला होता. 'धन्य तो शिमोन' असा विषय होता. गुणही चांगले मिळाले. पण आपल्या मराठी शास्त्रात तिथे कोणता शब्द आहे, याकडे माझे लक्षच गेले नव्हते. त्याला 'वेठीस धरले' असे तिथे लिहिले आहे. डोंगरावरच्या प्रवचनात एक कोस न्यायला वेठीस धरणाऱ्याबद्दल प्रभू बोलतो, तिथेही मूळ ग्रीक क्रियापद हेच आहे. रोमी शिपायाला वाटेतल्या कोणालाही ओझे उचलायला लावता येत असे.

आम्ही काम करतो त्या डहाणू-तलासरी भागात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सावकार-जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचे, निरोप आला की घरचे काम टाकून जायचे. 1945 साली वारली लोकांनी, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने, ही वेठ नाकारली. वेठबिगारीविरुद्धचा कायदा पुढे 1976 मध्ये आला.

आता माझी गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या मुलींच्या वसतिगृहाचे पत्रे आले. टेम्पो ओढ्याशी अडकला. मी पाड्यावर निरोप धाडला, 'उद्या घरटी एक माणूस यावा.' आले. भर उन्हात पत्रे डोक्यावर घेऊन चढ चढले. मी सरबत दिले, प्रार्थना केली, आणि या आपल्याच त्रैमासिकासाठी लिहिले की पाड्यातील बांधवांनी आनंदाने श्रमदान केले. तुमच्यापैकी काहींनी ते वाचले असेल.

संध्याकाळी एक म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाई, ही वेठ का मजुरी?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी कोणाला विचारलेच नव्हते, निरोप धाडला होता. ज्यांच्या मुली आमच्याकडे शिकतात ते नाही कसे म्हणणार? हमालीचे पैसे अंदाजपत्रकात होते, ते वाचले म्हणून मला समाधानही वाटले होते. (हे कबूल करायला मला पुढची समिती बैठक लागली.)

मार्क शिमोनाची ओळख आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप अशी करून देतो, जणू वाचक या मुलांना ओळखतात. रोमकरांस पत्राच्या शेवटी पौल एका रूफाला आणि त्याच्या आईला सलाम सांगतो. ती मलाही आईसारखी, असे म्हणतो. हा तोच रूफ असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर त्या घरावर देवाची मोठी कृपा झाली. पण त्या कृपेचे श्रेय शिपायांना देता येत नाही. माझ्या संदेशात मी नकळत तेच केले होते.

आम्ही सर्वांना मजुरी दिली, उशिरा. दोघे तोवर दुसऱ्या जागी मजुरीला निघून गेले होते. त्यांची पाकिटे माझ्या शास्त्रात ठेवलेली असत. एकाचे लवकर पोहोचले. दुसरा पुढच्या वर्षी, पावसाच्या आधी परतला. मी पाकीट दिले, क्षमा मागितली. त्याने ते न मोजता खिशात ठेवले आणि वसतिगृहाकडे पाहत विचारले, "पत्रे गळत नाहीत ना?"