चमन, सदर बाजार आणि ट्रंकेतले कागद
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी बजावलंय, 'तू जन्मभर जमिनीचे कागद वाचलेस, त्यावर बोल. पण आवर लवकर, जेवण गार होतं.' म्हणून सरळ विषयाला हात घालतो.

बाहेरगावाहून जालन्यात आलेल्याला आपण अजूनही 'चमनवर ये' असंच सांगतो. आता हे 'गांधी चमन' नावच बघा. चमन हा फारसीतून उर्दूत आलेला शब्द, म्हणजे बाग. आणि त्याच्या आधी गांधीजी. दोन राजवटी एका नावात शेजारी बसल्यात. आपल्या गावाच्या मोकळ्या जागांचा इतिहास असा नावांत दडलेला आहे.

सदर बाजार घ्या. हे नाव ज्या गावात सापडतं, तिथे बहुधा कधीतरी लष्करी छावणी असते. छावणीचा मुख्य बाजार तो सदर बाजार. सप्टेंबर 1803 मध्ये कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला, त्याच महिन्यात 23 तारखेला असईची लढाई झाली. पुढे 1827 मध्ये इथे इंग्रजी फौजेची छावणी बांधली गेली. राज्य निजामाचं, फौज इंग्रजांची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छावणी उठली, बाजार मात्र राहिला. कवायतीच्या मोकळ्या जागांचं नंतर काय झालं, हे आपल्याला शाळेत कुणी शिकवलं नाही. सर, ही तक्रार नाही. पुस्तकात होतं तेच तुम्ही शिकवलंत!

मस्तगडाचंही तसंच. 1725 मध्ये निजाम-उल-मुल्क आसफजाहाच्या हुकमाने काबिलखानाने तो बांधला. पुढे तिथे नगरपालिकेची कचेरी आली. तोफांच्या जागी घरपट्टीची पावती! आता तर 2023 पासून आपण महानगरपालिकेचे नागरिक आहोत.

खरी गंमत कागदांत आहे. हैदराबाद संस्थानात 1884 पर्यंत दरबारी कारभार फारसीत, नंतर उर्दूत. गावचा हिशेब मोडीत. साल फसली, त्यात 590 मिळवले की इसवी सन येतं. म्हणजे 1317 फसली म्हणजे साधारण 1907. सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर 1949 मध्ये सर्फेखास आणि जहागिरी संपल्या. मग 1954-55 ची खासरा पाहणी आली, आणि 1956 नंतर मराठीचा अंमल. एकाच जागेची गोष्ट अशी तीन-चार लिप्या-भाषांत विखुरली आहे. त्यात 'परमपोक' असा शब्द भेटतो, म्हणजे लागवडीला न दिलेली सार्वजनिक जमीन. मूळ तमिळ 'पुरंबोक्कु'. तो मराठवाड्याच्या दप्तरात येऊन बसला आणि आपल्यातल्या निम्म्यांना ती शिवी वाटते.

हसू नका, याच शब्दांवर निकाल लागतात. पंजाबात पटियाला जिल्ह्यातल्या रोहर जागीर गावच्या तळ्यात भर घालून लोकांनी घरं बांधली. महसूल दप्तरात ती जागा 'गैरमुमकिन टोबा', म्हणजे तळं, अशी नोंदलेली होती. जगपाल सिंग खटल्यात 28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अतिक्रमण हटवायला सांगितलं, आणि सगळ्या राज्यांना गावच्या सामाईक जमिनी परत मिळवायचा आदेश दिला. आपल्या सरकारचा गायरानांबाबतचा 12 जुलै 2011 चा निर्णय त्यातूनच आला. निकाल गावच्या जमिनीचा आहे, शहराला जसाच्या तसा लागू होत नाही. पण एक जुनी नोंद वाचता आली म्हणून तळं वाचलं, एवढं लक्षात घ्या. आपल्या गावातली मोकळी जागा कुणाची, असं उद्या कुणी विचारलं तर उत्तर उर्दूत असेल, आणि ते वाचणारे बोटांवर मोजण्याइतके उरलेत.

17 सप्टेंबरला आपण टाऊन हॉलजवळ हुतात्मा जनार्दन मामांच्या स्मृतिस्तंभापाशी झेंडावंदनाला जातो. तेवढी जागा मोकळी आहे म्हणून उभं राहता येतं. मला वाटतं, चौकाचा खरा उपयोग हाच. बाकी पार्किंग काय, कुठेही होतं.

आता माझं मागणं. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा पटवारी, पाटील, देशपांडे, वकील किंवा अडतवाले होते. माळ्यावर पत्र्याची ट्रंक असेल. मुलं म्हणतात, 'वाळवी लागलीय, रद्दीत द्या.' देऊ नका. मुंतखब असेल, सेतवार असेल, बाजाराच्या जागेच्या भाड्याची पावती असेल. कदाचित नुसत्या लग्नाच्या याद्याही निघतील, तरी चालेल. लॅमिनेशन मात्र करू नका, कागद कायमचा जातो. मोबाईलवर सरळ उजेडात फोटो काढा, मागची बाजूसुद्धा. शिक्के बहुधा मागेच असतात.

आपल्या वर्गातले जे मित्र घरी उर्दू वाचतात, त्यांच्याशी मी बोललोय. दोघं तयार आहेत. मोडीचं मी बघतो. रविवारपर्यंत मी जालन्यातच आहे, दुपारी चारनंतर मोकळा असतो. ट्रंक जड असेल तर उचलू नका, आपली वयं झालीत. निरोप पाठवा, मीच येतो.