‘कसंतरी होतंय’ कोणत्या रकान्यात लिहायचं?



महाराष्ट्रात तुम्हा सर्व परिचारिकांनाच ‘सिस्टर’ अशी हाक मारतात. ब्रिटनमध्ये हा मान परंपरेने वॉर्डप्रमुखाचा. त्या हिशेबाने आज हे सभागृह प्रमुखांनीच भरलं आहे! परिचर्येला या एडिनबरा शहराने १९५६ साली विद्यापीठात जागा दिली आणि १९७१ साली या विषयाचं युरोपातलं पहिलं प्राध्यापकपद इथेच निर्माण झालं. नॅन्सी रोपर, विनिफ्रेड लोगन आणि अ‍ॅलिसन टिअर्नी यांची मांडणी १९८० साली पुस्तकरूपाने आली, तिची मुळंही इथलीच. श्वास, खाणंपिणं, झोप, हालचाल, संवाद अशा बारा नित्यक्रियांपैकी रुग्णाचं कुठे अडलंय ते आधी पाहा, असं ही मांडणी सांगते. त्या बारांपैकी संवादाबद्दल मला आज बोलायचं आहे, कारण बाकीच्या अकरांची खबर बहुतेक वेळा त्याच वाटेने येते.

ब्रिटनमधल्या रुग्णालयांत प्रकृती ढासळू लागल्याची सूचना वेळेत मिळावी म्हणून ‘न्यूज टू’ हा तक्ता वापरतात. श्वासाची गती, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप यांना गुण देऊन बेरीज करायची. पाच झाले की तातडीने हालचाल, सात झाले की आणीबाणी. हा तक्ता उपयोगाचा आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण २०१७ च्या आवृत्तीत ‘नव्याने आलेला गोंधळ’ ही नोंद जोडली गेली आणि तिला एकदम तीन गुण आहेत. मुलाकडे राहायला आलेल्या, फक्त मराठी बोलणाऱ्या आजी इंग्रजी प्रश्नाला असंबद्ध उत्तर देतात, तेव्हा त्या गोंधळल्या आहेत की त्यांना प्रश्नच कळलेला नाही? चुकून तीन गुण दिले तर नाहक धावपळ. ‘भाषा येत नाही’ म्हणून सोडून दिले तर जंतुसंसर्गाची पहिली खूण निसटते. म्हणजे भाषा ही सौजन्याची बाब उरत नाही, ती मोजमापाचाच भाग होते.

वेदनेचंही तेच. शून्य ते दहातला आकडा विचारला की तीव्रता कळते, जात कळत नाही. ठणका, कळ, चमक, आग, मुंग्या यांतला फरक मराठी माणूस सहज सांगतो, आणि आग व मुंग्या म्हटल्यावर मज्जातंतूंकडे लक्ष जायलाच हवं. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेच्या शब्दांचीच प्रश्नावली केली, ती याचसाठी. ‘कसंतरी होतंय’ हे उत्तर मोघम खरं, पण त्यामागे मळमळ, घेरी, धाप किंवा छातीवरचं दडपण असू शकतं. तिथे पुढचा प्रश्न विचारायचा असतो. ‘विशेष तक्रार नाही’ असं लिहून पान उलटायचं नसतं.

यावर वेळ कुठे आहे, असं कुणी म्हणेल. आक्षेप खोटा नाही. पण चुकलेल्या नोंदीवरून झालेली फेरतपासणी जास्त वेळ खाते. घरचं माणूस भाषांतर करतंच की, असंही म्हणतात. करतं, पण लघवीची तक्रार आई मुलाच्या तोंडून सांगणार नाही, आणि मुलगा आईची चार वाक्यं एका वाक्यात उरकेल. म्हणून दूरध्वनीवरचा का होईना, दुभाषी हवा. तिसरा आक्षेप असा की शब्द फसवतात, यंत्र फसवत नाही. पण यंत्रही फसवतं: २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात पल्स ऑक्सिमीटरच्या नजरेतून सुटलेली ऑक्सिजनची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट आढळली. डोळेही फसतात: शय्याव्रणाची सुरुवातीची लाली सावळ्या त्वचेवर डोळ्यांना दिसतेच असं नाही. हात लावून ऊब आणि कडकपणा पाहावा लागतो.

मग ज्याला बोलताच येत नाही, त्याचं काय? मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांची शुश्रूषा १९७३ पासून २०१५ पर्यंत केली. अरुणांना एकही शय्याव्रण झालेला नव्हता, याची दखल सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालात आहे. खोलीत गर्दी झाली की त्या अस्वस्थ आवाज काढत, माणसं बाहेर गेली की शांत होत. आवडीचं अन्न गिळत, नावडतं थुंकून टाकत. ही निरीक्षणं कुठल्या रकान्यात बसवायची, यावर दुपारच्या सत्रात वाद घालू. तुमच्या वॉर्डातले मराठी शब्द मात्र आतापासूनच कागदावर उतरवून ठेवा.