लेकरू कोणाजवळ ठेवायचं?

श्रोतेहो, धनजची एखादी सून बी. ए.ला नाव घालते, तेव्हा पहिला प्रश्न फीचा नसतो, लेकराचा असतो. ‘आजी सांभाळील,’ असं आपण सहज म्हणतो. पण आजीची निंदणाची मजुरी बुडते, ती कोण भरून देणार? नाही तर थोरलीची शाळा सुटते. आईच्या शिक्षणाची किंमत लेकीनं द्यायची, हा कुठला न्याय?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षण गावात नेलं. १९७५ पासून सरकारी अंगणवाड्या आल्या. पण त्या काही तासांच्याच. २०२२ च्या ‘पाळणा’ योजनेत मात्र सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघराची सोय आहे. आई नोकरीत असो वा नसो. शिक्षकबंधूंनो, ही गोष्ट ग्रामसभेत मांडा. आणि तोवर, फीबरोबर आजीची मजुरीही हिशेबात धरा.