आधी पंचनामा, मग रिस्टार्ट



सेवा केंद्रांतल्या आणि संगणक कक्षांतल्या सहकाऱ्यांचं हे संमेलन इस्लापूरला भरतं आहे. इथून जवळच पैनगंगा सहस्रकुंडाला कोसळते. एका काठावर मराठवाडा, दुसऱ्यावर विदर्भ. आपल्या व्यवसायाची संमेलनं बहुधा पुण्या-मुंबईत भरतात. पण यंत्रणा अडली की तिची खरी झळ इस्लापूरसारख्या गावाला बसते. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी ई-पीक पाहणीत आपल्या पिकाची नोंद स्वतः करू लागला. वाडी-तांड्यावरून दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला आपण "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" असं सांगतो, तेव्हा तो मुकाट्यानं परत जातो. त्या वाक्यात काय बिघडलं, कुठे बिघडलं, याचं उत्तर नसतं. आज मला त्या उत्तराबद्दल बोलायचं आहे.

आजचा सर्व्हर बहुतेक वेळा स्वतंत्र पेटी नसतो. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडं राहावीत, तशी एका मोठ्या, म्हणजे यजमान, यंत्रात अनेक व्हर्च्युअल मशीन राहतात. प्रत्येकाला मेमरीचा, प्रोसेसरचा आणि नेटवर्कचा ठरावीक वाटा मिळतो. बिऱ्हाडातून बाहेर जाणारं आणि आत येणारं माहितीचं प्रत्येक पॅकेट ज्याच्या हातून जातं, तो नेटवर्क ड्रायव्हर. पूर्वी यजमान यंत्र खऱ्या नेटवर्क कार्डाची हुबेहूब नक्कल करायचं. आतल्या ड्रायव्हरला आपण लोखंडाशीच बोलतो आहोत असं वाटायचं, आणि यजमानाला पावलोपावली काम थांबवून त्याला उत्तर द्यावं लागायचं. २००८ मध्ये रस्टी रसेल यांनी 'व्हर्टआयओ'ची मांडणी प्रसिद्ध केली. नक्कल सोडून द्या, ड्रायव्हरला कळू द्या की तो वाड्यात राहतो, आणि दोघांनी सामाईक मेमरीतल्या रांगेत पॅकेट ठेवावीत, उचलावीत, असा तो विचार होता. पुढे ओएसिस या संस्थेनं त्याचं तपशीलपत्र मंजूर केलं. जून २०१६ मध्ये ॲमेझॉनची क्लाउड केंद्रं मुंबईत सुरू झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती आपल्या शेजारच्या हैदराबादेत आली. तिथल्या बहुतेक यंत्रांत पॅकेट ने-आण करण्याचं हे काम ईएनए नावाचा ड्रायव्हर करतो.

मित्रहो, या ड्रायव्हरकडे आपण कधी बघतच नाही. आपण बघतो आलेखाकडे, आणि आलेख असतो सरासरीचा. पावसाची सरासरी कशी फसवते, हे किनवट तालुक्याला मी काय सांगणार? महिन्याचा आकडा पूर्ण भरतो आणि एका रात्रीत सोयाबीन वाहून जातं. म्हणून तर महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी मानतात. तिथे महिन्याची सरासरी विचारत नाहीत. नेटवर्कचंही तसंच आहे. पाच सेकंद लोंढा आला, तर पाच मिनिटांच्या सरासरीत त्याचा साठावा हिस्सा उरतो. आलेख शांत दिसतो आणि त्या पाच सेकंदांत पॅकेट गळून गेलेली असतात.

गळालेल्या पॅकेटची नोंद ड्रायव्हरजवळ असते. लिनक्सवर 'इथटूल'ची एक आज्ञा दिली की ती समोर येते. ईएनए ड्रायव्हर तर मर्यादा कोणती ओलांडली हेही वेगवेगळं मोजतो: येणाऱ्या आणि जाणाऱ्या बँडविड्थची, दर सेकंदाच्या पॅकेट-संख्येची, एका वेळी लक्षात ठेवता येणाऱ्या जोडण्यांची, आणि नाव-पत्ता किंवा वेळ विचारणाऱ्या अंतर्गत सेवांची. या शेवटच्या वाटेवर प्रत्येक नेटवर्क इंटरफेसला सेकंदाला १०२४ पॅकेटची मर्यादा आहे. दुखणं कोणतं, यावर औषध ठरतं. बँडविड्थ संपली असेल तर मोठं यंत्र घ्यावं लागेल. नाव-पत्त्याच्या चौकशा जास्त होत असतील, तर उत्तरं यंत्रातच साठवून ठेवली की काम भागतं. त्याला जास्तीचा पैसा लागत नाही.

काही वर्षांपूर्वी मी एका कार्यालयाच्या यंत्रणेवर काम करत होते. रोज सकाळी साडेदहाच्या सुमाराला सगळं अडायचं. प्रोसेसर निवांत, मेमरी मोकळी, बँडविड्थ निम्मीसुद्धा वापरात नाही. ज्यांचं पान आधीच उघडं होतं त्यांचं काम चालायचं. नव्यानं येणाऱ्यालाच दार बंद. अकरा वाजता आम्ही यंत्र रिस्टार्ट करायचो आणि सगळं सुरळीत व्हायचं. तीन आठवडे हेच चाललं. मोठं यंत्र भाड्यानं घ्यायचा प्रस्तावही तयार झाला.

ड्रायव्हरचे हे आकडे चालू झाल्यापासूनची बेरीज असतात. रिस्टार्ट केलं की ते शून्यावर जातात. म्हणजे रोज अकरा वाजता आम्ही स्वतःच्या हातानं पुरावा पुसत होतो. एका सकाळी रिस्टार्ट करण्याआधी मी ते आकडे उतरवून घेतले, मिनिटभरानं पुन्हा उतरवले आणि वजाबाकी केली. जोडण्यांची मर्यादा ओलांडल्याचा आकडा भराभर चढत होता. आमचाच प्रोग्रॅम प्रत्येक चौकशीला नवी जोडणी उघडत होता आणि जुनी बंद करत नव्हता. चूक दुरुस्त झाली, यंत्र तेच राहिलं. त्या तीन आठवड्यांत रांगेतून परत गेलेल्या माणसांचं देणं मात्र माझ्या अंगावर राहिलं, आणि म्हणूनच मी हा विषय आज निवडला.

अतिवृष्टीनंतर पंचनामा होईपर्यंत शेतकरी रानात नांगर घालत नाही. पीक आडवं पडलेलं त्याला पाहवत नाही, तरी तो थांबतो, कारण नांगर फिरला की पुरावा गेला. आपल्यालाही तेवढंच करायचं आहे. रिस्टार्टपूर्वी दोन मिनिटं थांबा. ड्रायव्हरचे आकडे वेळेसह दोनदा उतरवा. शक्य असेल तिथे आतल्या आणि यजमान यंत्रावरच्या, अशा दोन्ही बाजू बघा. पुष्कळदा आत गळती शून्य दिसते आणि यजमानाच्या बाजूच्या 'टॅप' या आभासी जोडणीवर पॅकेट पडत असतात, कारण आतलं यंत्र ती वेळेवर उचलत नाही. ड्रायव्हर जुना असेल तर तो बदला. जुन्या आवृत्तीत यातले काही आकडे दिसतच नाहीत. आणि हे काम माणसाच्या आठवणीवर सोडू नका. दर मिनिटाला फरक नोंदवणारी छोटी स्क्रिप्ट लावा आणि नोंद यंत्राबाहेर ठेवा.

माझी आणखी एक विनंती आहे. ही नोंद मराठीत लिहा. "नेटवर्क स्लो" एवढंच लिहू नका, "सकाळी १०.३२, नव्या जोडण्या नाकारल्या, एका मिनिटात इतक्या" असं लिहा. अशी वही केंद्रावर नव्यानं आलेल्या मुलीला वाचता येईल, आणि दूरच्या शहरातल्या अभियंत्याशी ती आकडे हातात घेऊन बोलू शकेल.

उद्या तुमच्या खिडकीशी कुणी सातबाऱ्यासाठी येईल आणि पान उघडणार नाही. त्याला "उद्या या" म्हणण्याआधी ती दोन मिनिटं द्या. "कुठे अडलंय ते सापडलंय, दुपारी या," हे वाक्य त्या माणसाचा एक दिवस वाचवतं.