फौजदारी कायदा आणि आपण: हक्क तारखेला मागावा लागतो

(भिलाई इथे २६ नोव्हेंबर २०२५ रोजी, संविधान दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



इथे बसलेल्यांपैकी बहुतेक जण आपापल्या घरातले पहिले पदवीधर आहेत. पहिल्या पदवीधराला घरात एक काम न मागता मिळतं. रात्री अकरा वाजता फोन येतो, "पोरगी शिकलेली आहे, तिला बोलवा. ठाण्यात जायचं आहे." आपण कायदा शिकलेलो नसतो. पण घरच्यांच्या लेखी शिकलेला माणूस म्हणजे ठाण्यात बोलू शकणारा माणूस.

मला तो फोन एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आला. नात्यातल्या एका मुलाला मारहाण झाली होती, जातीवरून शिव्या दिल्या होत्या. आम्ही तक्रार द्यायला गेलो. दोन तास बाकावर बसवलं. मग एका कागदावर चार ओळी लिहून घेतल्या, मामाची सही घेतली आणि "बघतो" म्हणून पाठवून दिलं. त्या कागदाची प्रत मागायची असते, हे मला माहीत नव्हतं. ती एफआयआर नव्हतीच, साधी अदखलपात्र नोंद होती, हे आठ दिवसांनी कळलं. तोवर अंगावरचे वळ गेले होते आणि साक्षीदार गप्प झाले होते. राज्यसंस्थेवर वीस पानांचा निबंध लिहिलेली मी तिथे मामाइतकीच अडाणी होते.

म्हणून आज मी एकच गोष्ट सांगणार आहे. फौजदारी कायद्यातले आपले हक्क आपोआप मिळत नाहीत. ते कागदावर मागावे लागतात, आणि तारखेला मागावे लागतात. याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको, ते या भिलाईच्या ओळखीचं आहे.

सुधा भारद्वाज यांचं नाव इथल्या कामगार वस्त्यांना सांगावं लागत नाही. आयआयटी कानपूरमधून गणित शिकून त्या छत्तीसगडला आल्या, शंकर गुहा नियोगींच्या संघटनेत काम केलं आणि कामगारांचे खटले लढायला कुणीतरी हवं म्हणून चाळिशीच्या उंबरठ्यावर वकील झाल्या. २८ ऑगस्ट २०१८ ला भीमा कोरेगाव प्रकरणात त्यांना अटक झाली. आधी नजरकैद, मग ऑक्टोबरच्या अखेरीस कोठडी.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. आरोपीला कोठडीत ठेवून तपास किती दिवस चालवायचा याला मर्यादा आहे. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर नव्वद दिवस, बाकी गुन्ह्यांना साठ दिवस. तेवढ्यात दोषारोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. यालाच डिफॉल्ट बेल म्हणतात. इथे गुन्हा किती गंभीर, पुरावा किती, हे पाहिलं जात नाही. फक्त दिवस मोजले जातात. यूएपीए लागला असेल तर न्यायालय ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवू शकतं.

सुधा भारद्वाज यांचे नव्वद दिवस २५ जानेवारी २०१९ ला भरले. दोषारोपपत्र आलं २१ फेब्रुवारीला. मधल्या काळासाठी पुण्याच्या सत्र न्यायाधीशांनी मुदतवाढ दिली होती. पण तो अधिकार एनआयए कायद्याखालच्या विशेष न्यायालयाचा होता, त्या न्यायाधीशांचा नव्हता. १ डिसेंबर २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाने हा मुद्दा मान्य केला आणि त्यांना डिफॉल्ट बेल दिली. एनआयए सर्वोच्च न्यायालयात गेली, तिथे तिची याचिका फेटाळली गेली. ९ डिसेंबरला सुधा भारद्वाज भायखळा तुरुंगातून बाहेर आल्या. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, हेही लक्षात ठेवा. पण तुरुंगाबाहेर राहून खटला लढणं आणि आत राहून लढणं यात किती फरक आहे, ते ज्यांच्या घरातलं माणूस आत आहे त्यांना विचारा.

त्याच निकालात आणखी आठ जणांची मागणी फेटाळली गेली. त्यात आपल्या चळवळीतले सुधीर ढवळे होते, नागपूरचे फौजदारी वकील सुरेंद्र गडलिंग होते. न्यायालयाचं कारण असं की, हक्क निर्माण झाला तेव्हा, दोषारोपपत्र येण्याआधी, त्यांचा डिफॉल्ट बेलचा अर्ज दाखल नव्हता. सुधा भारद्वाज यांचा अर्ज मात्र दाखल होता. आठांपैकी तिघांनी फेरविचार मागितला, आमचाही अर्ज होता असं सांगितलं. मे २०२२ मध्ये तोही फेटाळला गेला. सुधीर ढवळे यांना जामीन मिळायला जानेवारी २०२५ उजाडलं. तारखेचा प्रश्न माणसाच्या आयुष्याची तीन वर्षं खातो, तो असा.

हा निकाल बरोबर की चूक, यावर वाद घालता येईल. पण जिथे नामवंत वकील उभे होते तिथे एका अर्जाने एवढा फरक पडतो, तर दुर्गच्या किंवा गोंदियाच्या कोर्टात ज्याच्यासाठी कुणीच दिवस मोजत नाही, त्याचं काय होत असेल? म्हणून पहिलं काम हे: घरातल्या कुणाला अटक झाली, तर मॅजिस्ट्रेटसमोर पहिल्यांदा नेलं ती तारीख कॅलेंडरवर लिहा. वकिलाला विचारा, साठ की नव्वद? आणि मुदत संपताच अर्ज टाकायला लावा. दोषारोपपत्र आधी आलं, तर हा हक्क गेला.

आता अटकेच्या रात्रीबद्दल. १ जुलै २०२४ पासून दंड प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. १ जुलै ही तारीख भिलाईला वेगळ्या कारणाने माहीत आहे. १९९२ साली त्याच दिवशी पॉवर हाऊस स्टेशनवर रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या होत्या. कायद्याचं नाव बदललं, कलमांचे आकडे बदलले. पण मुळातला हक्क संविधानाच्या कलम २२ मध्येच आहे: अटकेचं कारण सांगायचं, वकील मिळू द्यायचा आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करायचं.

ठाण्यात गेल्यावर अटकेचा पंचनामा मागा. त्यावर वेळ आणि तारीख हवी, घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही हवी. अटकेची खबर नातेवाइकाला देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करायची नसते. अपवादात्मक प्रसंगी करायचीच तर महिला अधिकारी हवी आणि मॅजिस्ट्रेटची आधी घेतलेली परवानगी हवी. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात थेट अटक हा नियम नाही. आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची, आणि अटक गरजेची वाटली तर कारण लिहायचं. याच महिन्यात, ६ नोव्हेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात सांगितलं की अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि तीही अटक झालेल्या माणसाला समजेल अशा भाषेत, मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी. ज्याला फक्त छत्तीसगढी किंवा गोंडी कळते, त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. पण मागितली तरच.

सह्यांबद्दल नीट ऐका, कारण आपली माणसं इथे फसतात. तुम्ही फिर्यादी असाल तर फिर्याद वाचून घेऊन त्यावर सही करायची असते. पण तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, कायद्यातच तशी मनाई आहे. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. आणि कोऱ्या कागदावर सही कधीच करायची नाही.

तक्रार आपली असेल तेव्हाचं वेगळं. दखलपात्र गुन्ह्याची एफआयआर घ्यावीच लागते, हद्द कुठलीही असो, आणि तिची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. टीआयने नाकारली तर एसपींना लेखी पाठवा, मग मॅजिस्ट्रेटकडे जा. अ‍ॅट्रॉसिटी असेल तर चार गोष्टी कागदावर आल्याच पाहिजेत: दोन्ही बाजूंची जात, नेमके शब्द, जागा, आणि तेव्हा तिथे कोण होतं. जातिवाचक अपमान लोकांच्या नजरेसमोर झाला का, या मुद्द्यावर खटले पडतात. नव्या संहितेत काही गुन्ह्यांसाठी चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची सोय आहे. ती पुढे केली, तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम १८अ दाखवा: एफआयआरसाठी प्राथमिक चौकशीची गरज नाही. आणि कलम १५अ विसरू नका. आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीची सूचना पीडिताला मिळायला हवी, त्याचं ऐकलंही जायला हवं. खैरलांजी आठवा. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवलं, पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली नाही. अख्ख्या देशाला दिसलेली जात निकालात सिद्ध झाली नाही.

वकिलाला पैसे नाहीत, हे कारण पुढे करू नका. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, कुठल्याही स्त्रीला आणि कोठडीत असलेल्या कुणालाही उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण दुर्गला आहे. फोन नंबर १५१००. आत्ताच मोबाइलमध्ये टाका, मी थांबते.

कुणी म्हणेल, कायदा माहीत असून काय होतं? सोमनाथ सूर्यवंशी तर कायद्याचाच विद्यार्थी होता. परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतरच्या धरपकडीत त्याला अटक झाली आणि १५ डिसेंबर २०२४ ला न्यायालयीन कोठडीत तो गेला. हे उत्तर माझ्याकडे सोपं नाही. कायद्याचं ज्ञान लाठी अडवत नाही. पण कोठडीतल्या मृत्यूची चौकशी मॅजिस्ट्रेटने करायची, हे कायद्यात होतं. त्याच्या आई विजयाबाई उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने एफआयआर नोंदवायला सांगितलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तर ३० जुलै २०२५ ला तिथेही हा आदेश कायम राहिला. ती आई एकटी नव्हती, पाठीशी समाज आणि वकील होते. एकट्या माणसाच्या हातातला कागद हिसकावता येतो, दहा जणांकडे त्याची प्रत असेल तर अवघड जातं.

म्हणून माझी विनंती आहे. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक विहारात दोन पदवीधरांनी हे काम वाटून घ्या. एकाने ठाण्यात जायचं, दुसऱ्याने तारखा लिहायच्या. आजूबाजूच्या सतनामी, आदिवासी, मुस्लिम घरांतूनही तो फोन येऊ दे. ठाण्यात आवाज चढवायची गरज नाही. एवढंच म्हणायचं, "साहेब, प्रत द्या." मिळेपर्यंत बाकावरून उठायचं नाही.

त्या रात्री मी उठले होते. तुम्ही उठू नका.

जय भीम. जय संविधान.